बाउमन साहेबाचं भांडं

आपल्या घरी कोण जेवायला येत नाही, हे बहुतेक माणसं मनातल्या मनात ठेवतात. अप्पाराव खरातांनी त्याची टक्केवारी काढली होती. त्यांचा इलाज नव्हता, कामच तसं होतं. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत ते उगवण तपासायच्या खोलीत होते. पोत्यातून शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि सातव्या दिवशी गुंडाळी उघडून कितींना मोड आले ते लिहायचं, हे बारा वर्षं केलेला माणूस शेजाऱ्यांकडे तरी दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघणार? अंबड रस्त्यावरच्या आठ घरांच्या सोसायटीत राहायला आल्यापासून तीन वर्षांत त्यांनी शेजारच्या रामकिसनरावांना आणि दुर्गाबाईंना अकरा वेळा जेवायला बोलावलं होतं. उगवण शून्य.

बरं, तोंडावर नाही असं कोणी म्हणालं नाही. दुर्गाबाईंचा त्या दिवशी नेमका उपास निघायचा. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी आंबट वर्ज्य, आणि अप्पारावांच्या घरी काय काय आंबट निघेल याचा भरवसा नाही. राहिले बुधवार आणि रविवार, तर त्या दिवशी एकादशी नाहीतर चतुर्थी यायची, आणि तेही जमलं नाही तर माहेरचं कोणीतरी यायचं. खरात कुटुंबानं छप्पन्न साली दीक्षा घेतल्यापासून असले उपास सोडून दिले होते. पण दुर्गाबाईंच्या उपासांची माहिती अप्पारावांना खुद्द दुर्गाबाईंपेक्षा जास्त होती.

मात्र एक गोष्ट अप्पारावांना पुष्कळ दिवस माहीत नव्हती. पहिल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला त्यांच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी, शेजारी खिरीची वाटी पाठवली होती. वाटी घासूनपुसून, वर साखर घालून परत आली. रिकामी वाटी परत करू नये हे दुर्गाबाईंना बरोबर ठाऊक होतं. पण संध्याकाळी कौसल्याबाई दळण आणायला निघाल्या, तर कोपऱ्यावरच्या दगडी डोणीत गाय खीर चाटत होती. खीर कोणाची हे विचारायची गरज नव्हती. चारोळी घातलेली खीर त्या गल्लीत एकाच घरी होत होती. कौसल्याबाईंनी हे नवऱ्याला वर्षभर सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा एवढंच सांगितलं, की यापुढं मी वाटी पाठवणार न्हाई, तुम्हाला बोलवायचं तर बोलवत जा.

आता दुर्गाबाई वाईट होत्या म्हणावं, तर तसंही नाही. कौसल्याबाईंना टायफॉईड झाला तेव्हा ह्याच दुर्गाबाई दवाखान्यात दोन दिवस उशाशी बसून होत्या. कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या, डॉक्टरांशी भांडत होत्या. फक्त तिथं खरातांच्या घरून आलेला चहा त्यांनी घेतला नाही. अप्पारावांची सगळी पंचाईत हीच होती. माणूस सरळ दुष्ट असता तर ते केव्हाच बोलवायचे थांबले असते. त्यांच्या खोलीतही काही दाणे असे निघतात, सात दिवस पाण्यात राहून कोरडेच्या कोरडे. नवीन माणूस त्यांना मेलेले म्हणून लिहितो. अप्पाराव लिहीत नसत. ते त्यांचा वेगळा रकाना करत, कारण टणक सालीचा दाणा आतून जिवंत असू शकतो.

तर असं चाललेलं असताना, मोठा दुष्काळ संपून दोन पावसाळे झाल्यावर, कंपनीत बी साफ करायचं नवं यंत्र आलं आणि ते बसवायला स्वित्झर्लंडहून बाउमन नावाचे साहेब आले. रेस्ट हाऊसचा खानसामा आजारी पडला म्हणून अप्पाराव त्यांना एका संध्याकाळी घरी घेऊन आले. साहेबांनी भाकरी खाल्ली, पिठलं खाल्लं, ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा ठेचा मागितला. मग तीन आठवडे ते रोज येत राहिले. जाताना त्यांनी कौसल्याबाईंच्या पाया पडायचा प्रयत्न केला, कारण तशी पद्धत आहे असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. कौसल्याबाई लाजून स्वयंपाकघरात पळाल्या, पण नंतर कितीतरी दिवस त्या ओट्याशी गुणगुणत असायच्या.

तीन महिन्यांनी पार्सल आलं. ते पोस्टात आठ दिवस अडकलं, कारण आत सहा लांब टोकदार वस्तू होत्या आणि त्या कशाच्या हे कोणाला ठरवता येईना. एक म्हणाला, स्वेटर विणायच्या सुया. दुसरा म्हणाला, सुयांना मूठ कशाला? शेवटी अप्पारावांनी ‘खाण्याचे काटे, हत्यार नव्हे’ असं लिहून सही केली, तेव्हा सुटका झाली. घरी येऊन उघडलं तर लालचुटूक जाड भांडं, खाली ठेवायची छोटी स्पिरिटची शेगडी, सहा काटे आणि चार पानांचं पत्र. आमच्याकडचं जेवण तुमच्या घरी शिजावं अशी माझी इच्छा आहे, असं साहेबांनी लिहिलं होतं. पदार्थाचं नाव फॉन्ड्यू. चीज वितळवायचं आणि त्यात पावाचे तुकडे बुडवून खायचे. बस, एवढंच.

अप्पारावांनी पत्र डिक्शनरी घेऊन तीनदा वाचलं आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला. पुरणपोळी केली की ती कोणाच्या घरची, हा प्रश्न येतो. खीर केली की येतो. पण फॉन्ड्यू कोणाच्या घरचा? स्वित्झर्लंडचा! ह्या पदार्थाला जालन्यात कोणी ओळखत नाही, त्याचं चालतं-न चालतं अजून ठरलेलंच नाही. हे बी उगवणार, असं त्यांनी बायकोला सांगितलं. कौसल्याबाई म्हणाल्या, “तुम्हाला अजून आशा हाय, हेच नवल आहे.” पण भांडं त्यांनी चिंचेनं घासून ठेवलं.

मग सुरू झालं. पत्रात दोन जातींचं चीज होतं, जालन्यात एकाही जातीचं नव्हतं. सदर बाजारातल्या दुकानदारानं खवा दाखवला, लोणी दाखवलं, आणि चीज हे आजारी माणसाला देतात, तुमच्या घरी कोण आजारी आहे, असं आपुलकीनं विचारलं. सल्ला देण्यात रामकिसनराव पुढं होते. ते पाटबंधारे खात्यात मोठे कारकून होते आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला आधी एक अर्ज लागतो असं त्यांचं मत होतं. त्यांनी औरंगाबादच्या एका दुकानाचं नाव सांगितलं. अप्पाराव एसटीनं जाऊन पाच डबे घेऊन आले. परत येताना पिशवी मांडीवर का धरली, टपावर का देत नाही, यावरून कंडक्टरला संशय आला आणि बदनापूरपर्यंत अर्धी गाडी चीज ह्या विषयावर बोलत होती.

पावाचं वेगळंच झालं. पत्रात लिहिलं होतं, पाव एक दिवसाचा शिळा पाहिजे, ताजा पाव भांड्यात विरघळतो. सोसायटीच्या मागं राहणाऱ्या पाशामियाँची बेकरी होती आणि त्यांच्या घराण्यात निजामाच्या काळापासून कोणी शिळा पाव विकला नव्हता. अप्पारावांनी शिळा पाव मागितला तेव्हा त्यांनी हातातली थाळी खाली ठेवली. “अप्पारावभाई, मेरे दुकान में बासी पाव? कोणी सांगितलं तुम्हाला?” समजूत काढायला अर्धा तास आणि दोन कप चहा लागला. शेवटी तोडगा निघाला, की पाव ताजा भाजायचा, अप्पारावांच्या नावानं फळीवर ठेवायचा आणि त्याला पाशामियाँच्या देखरेखीखाली शिळा करायचा. आणि ह्या पावाचं पुढं काय करतात ते आपण स्वतः, बायकोला घेऊन, बघायला येणार, असंही त्यांनी जाहीर केलं. रहिमुन्निसाभाभी आणि कौसल्याबाई एकमेकींकडून शिवणाचे कपडे न्यायच्या-आणायच्या, तेव्हा ते बरंच झालं.

स्पिरिटनं मात्र अप्पारावांची लाज काढली. त्या काळात दारूबंदीचे नियम कडक, आणि लोक काय काय पितात याचा सरकारला अंदाज होता. औषधांच्या दुकानदारानं सांगितलं, मोठी बाटली पाहिजे तर दारूबंदीच्या ऑफिसातून चिठ्ठी आणा. त्या ऑफिसात भुजंग नावाचे कारकून होते. त्यांच्या फॉर्मवर तीनच कारणं छापलेली होती, औषध, प्रयोगशाळा आणि लाकडाला पॉलिश. शिजलेला पदार्थ गरम ठेवायला, हे कारण ऐकून ते म्हणाले, गरम गरम खाऊन का टाकत नाही? अप्पारावांनी समजावलं. भुजंगरावांनी भांडं बघायला मागितलं. दुसऱ्या दिवशी अप्पाराव सायकलच्या कॅरिअरला लाल भांडं बांधून, खिशात सहा काटे घेऊन हजर झाले. सगळं ऑफिस जमा झालं, काटे हातोहात फिरले, एकानं पाठ खाजवून बघितली. शेवटी भुजंगरावांनीच मार्ग काढला आणि अप्पारावांनी ‘लाकडाला पॉलिश’ यावर सही केली. बारा वर्षांत उगवणीचा एक आकडा खोटा न लिहिलेल्या माणसानं ही सही केली आणि घरी येऊन तो जेवला नाही. वर दोन दिवसांनी रामकिसनराव म्हणाले, “तुम्ही पॉलिशचं काम घेऊन राह्यले म्हणे. आमच्या खुर्चीला बी एक हात मारा.” खरं सांगावं तर सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून अप्पारावांनी एका रविवारी शेजारच्या ओसरीत बसून खुर्चीला मुकाट्यानं पॉलिश केलं. दुर्गाबाईंनी कौतुक केलं. चहा दिला. तो त्यांनी घेतला.

आता राहिली वाईन. पत्रात दीड ग्लास पांढरी वाईन होती आणि वर चेरीची दारू एक चमचा. रामकिसनराव आवाज उतरवून म्हणाले, की परमिटवाला एक माणूस आपल्या ओळखीचा आहे. कौसल्याबाईंनी आतून ऐकलं आणि बाहेर येऊन सांगितलं, की ह्या घरात पंचशील म्हणतात, पाचवं शील काय आहे ते साहेबाला माहीत नसंल, आपल्याला माहीत आहे. विषय संपला. अप्पारावांनी वाईनऐवजी पाणी घालून एका डब्याची तालीम केली. चीज वितळलं, मग रुसल्यासारखं पाणी एकीकडं सोडून एका गोळ्यात जमा झालं. काट्यानं उचललं तर सगळंच्या सगळं वर आलं. मांजरानं वास घेतला आणि निघून गेलं.

अप्पाराव गोळ्याकडे बघत बसले. रविवार चार दिवसांवर होता. तो रविवार त्यांनी कॅलेंडरात बोट फिरवून फिरवून शोधला होता. तिथी मोकळी, सण नाही, दुर्गाबाईंच्या भावाकडं लग्न असल्यामुळं माहेरचं कोणी येण्याचाही धोका नाही. दुर्गाबाईंनी निमंत्रण ऐकून बोटं मोजली होती, एकदा मोजली, पुन्हा मोजली, आणि येतो म्हणाल्या होत्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि आता हा गोळा.

कौसल्याबाईंनी काट्यानं गोळा दाबून बघितला. मग म्हणाल्या, “त्यांची दारू आंबटच असंल ना?” त्यांनी ज्वारीचं पीठ भिजवून दोन दिवस आंबवलं, आंबिलीला करतात तसं, आणि ते आंबट पातळ पाणी थोडं थोडं घालत चीज हलवलं. आंबट होतं, पिठाचा दाटपणा होता, आणि चीज एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं. गुळगुळीत, चकचकीत, वर बारीक बुडबुडे. अप्पारावांनी बोट घालून चाखलं आणि त्यांना बायकोचा इतका अभिमान वाटला, की काय बोलावं कळेना, म्हणून ते म्हणाले, मीठ बरोबर आहे.

रविवारी सहा वाजता सगळे आले. खुर्च्या पुरणार नाहीत म्हणून रामकिसनराव आपली पॉलिश केलेली खुर्ची घेऊनच आले. पाशामियाँनी पाव स्वच्छ फडक्यात बांधून आणला होता आणि तो किती व्यवस्थित शिळा झाला आहे ते ते सगळ्यांना दाबून दाखवत होते. रहिमुन्निसाभाभींनी हळूच विचारलं, शराब तर नाही ना, आणि आंबील ऐकून त्या निवांत बसल्या. दुर्गाबाई हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. तिपाईवर शेगडी पेटली, वर लाल भांडं आलं, लसणाचा वास घरभर झाला. कौसल्याबाईंनी प्रत्येकाच्या हातात एक काटा दिला.

“ताटल्या कुठंयत?” दुर्गाबाईंनी विचारलं.

“ताटल्या लागत न्हाईत,” अप्पाराव अभिमानानं म्हणाले. “सगळ्यांनी ह्याच एका भांड्यात बुडवून खायचं.”

आणि स्वतःचं वाक्य स्वतःच्या कानावर पडल्यावर ते थांबले.

बघा, माणसाचं कसं होतं. कोण कोणाच्या घरचं काय खात नाही, याचा ज्यानं तीन वर्षं अभ्यास केला, त्यानं चिजासाठी औरंगाबाद गाठलं, पाव शिळा करवला, खोटी सही केली. पण सहा तोंडांना भांडं एक, ही गोष्ट महिनाभर त्याच्या डोक्यात आली नाही. सोसायटीत सख्ख्या जावा एकमेकींचं उष्टं खात नव्हत्या. दुर्गाबाईंनी काटा मांडीवर ठेवला. कौसल्याबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, दया होती, आणि अप्पारावांना राग चालला असता.

पाशामियाँना ह्यातलं काही जाणवलं नाही. आमच्यात तर एका थाळीत चौघं बसतो, असं म्हणून त्यांनी पाव टोचला, बुडवला, खाल्ला, आणि आपल्या पावाला हे शोभतं असा निकाल दिला. भाभींनीही खाल्लं. रामकिसनरावांना नाकाशी आलेला वास सोसेना. ते म्हणाले, साहेबाच्या कागदात काही नियम असंल, तो वाचा. अप्पारावांनी पत्र काढलं. तिथं खरंच लिहिलं होतं, काटा ओठांना लागू द्यायचा नाही, तुकडा अलगद काढून घ्यायचा. रामकिसनरावांचा चेहरा फुलला. म्हणजे उष्टं होतच नाही, नियमात बसतं, असं म्हणून त्यांनी तुकडा बुडवला आणि बोटांनी काढून तोंडात टाकला.

अप्पाराव पत्राची घडी घालायला लागले.

“खाली अजून चार ओळी दिसून राह्यल्या,” रामकिसनराव म्हणाले. अर्धा वाचलेला कागद त्यांना आयुष्यात सहन झाला नव्हता.

त्या चार ओळी अप्पारावांना वाचायच्या नव्हत्या. पण वाचाव्या लागल्या. ज्याचा तुकडा भांड्यात पडेल, त्यानं इथं बसलेल्या सगळ्यांना आपल्या घरी जेवायला बोलवायचं, अशी आमच्याकडं रीत आहे.

रामकिसनरावांनी पुढचा तुकडा तीन ठिकाणी दाबून टोचला. दुर्गाबाईंनी मांडीवरचा काटा उचलला, पाव घेतला, आणि सुईत दोरा ओवावा तितक्या जपून बुडवला. त्यांनी खाल्लं. खरातांच्या घरात त्यांनी घास खाल्ला. “आंबील घातली का ह्यात?” त्यांनी विचारलं आणि पुन्हा पाव घेतला. अप्पारावांना आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण त्यांचं लक्ष दुर्गाबाईंच्या मुठीकडं जात होतं. काटा त्यांनी इतका घट्ट धरला होता, की बोटं पांढरी पडली होती. येतील, खातील, पण आपला तुकडा पडू देणार नाहीत. एवढं समजायला डिक्शनरी लागत नव्हती.

भांडं तळाला आलं. पाशामियाँ आणि रामकिसनराव पावाच्या कडांवरून वाद घालत होते, कौसल्याबाई आणि भाभी त्यांना हसत होत्या. तेवढ्यात दुर्गाबाईंचा काटा वर आला तो रिकामा. हे फक्त अप्पारावांनी बघितलं. त्यांनी ताबडतोब मान वळवली आणि शेगडीच्या ज्योतीकडं बघायला लागले, फार बारकाईनं. बाईंना पाहिजे तर दुसरा तुकडा टोचता येईल, कोणाला कळणार नाही. जबरदस्तीनं आलेलं बोलावणं त्यांना नको होतं. इतके दिवस कमी अपमान झाले का?

दुर्गाबाईंचा हात पावाकडं गेला होता. तो तिथं थोडा वेळ राहिला. मग त्यांनी काटा तिपाईवर ठेवला.

“माझा पडला,” त्या म्हणाल्या.

दुर्गाबाईंनी पदर सारखा केला आणि कौसल्याबाईंकडं बघून म्हणाल्या, “बुधवारी या. सगळेच या.”

कौसल्याबाईंनी भांड्यातला तुकडा काढून बाजूला ठेवला. “बुधवारी माझा उपास असतो,” त्या शांतपणे म्हणाल्या.

कौसल्याबाईंना कुठलाच उपास नसतो हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. रामकिसनराव खुर्चीच्या हाताकडं बघायला लागले. दुर्गाबाईंचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी मान खाली घातली नाही.

“मंग गुरुवारी.”

“गुरुवारी तुमचा असतो.”

“मोडते मी,” दुर्गाबाई म्हणाल्या.

कौसल्याबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, “येतो. येताना खीर घेऊन येते. चारोळी घातलेली.”

दुर्गाबाईंचे डोळे भरून आले. त्यांना कळलं, की कौसल्याबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि माहीत असूनही तीन वर्षं दर वेळी दार उघडलं जात होतं. “वाटी नका आणू,” त्या कशाबशा म्हणाल्या. “पातेलं आणा.”

अप्पाराव ज्योत विझवायला उठले, पण झाकण काही केल्या नीट बसेना, कारण त्यांना समोरचं दिसतच नव्हतं. शेवटी पाशामियाँनी पावाचं फडकं झटकून घडी केलं आणि विचारलं, की गुरुवारसाठी पाव ताजा आणायचा का पुन्हा शिळा करायला ठेवायचा, म्हणजे आतापासून फळी मोकळी करावी लागेल.